जादाचा अनुस्वार

मी मुद्रितशोधक आहे. गेली सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढते. लोकांना वाटतं, हिला किती वाचायला मिळत असेल! खरं तर प्रूफ तपासताना वाचायचं नसतं. मजकुरात रमलं की चूक निसटलीच म्हणून समजा. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे प्रूफ, आणि नजर नुसती ओळीवरून घासत न्यायची. मध्येच ती कुठेतरी अडते. का अडली ते लगेच कळत नाही. मागे जाऊन पाहिलं की सापडतं : मूळ प्रतीत 'गाव', प्रुफात 'गांव'. अक्षरजुळणी करणाऱ्याच्या जुन्या सवयीतून टपकलेला एक अनुस्वार.

रात्री मी हेच काम दीर्घिकांवर, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या दूरदूरच्या तारकासमूहांवर, करते. डावीकडे दीर्घिकेचा जुना फोटो, उजवीकडे आजचा. जुन्यात नसलेलं एखादं टिंब नव्यात आलंय का, एवढंच बघायचं. आलं असेल तर कदाचित तो सुपरनोव्हा असतो, म्हणजे स्फोट होऊन अचानक उजळलेला तारा. शुद्ध मराठीत अतिनवतारा. मी दोन्ही शब्द वापरते, जीभ वळेल तसे.

एक गंमत सांगते. आमच्या धंद्यात 'प्रत' म्हणजे कागदाची प्रत. आकाश बघणाऱ्यांच्या मराठीत 'प्रत' म्हणजे ताऱ्याच्या तेजस्वितेचा आकडा, मॅग्निट्यूड. आकडा लहान तितका तारा ठळक, आकडा मोठा तितका मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. नुसत्या डोळ्यांना अंधाऱ्या ठिकाणाहून सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. सुरुवातीला गटातली मंडळी "याची प्रत काय?" असं विचारायची तेव्हा मला आधी झेरॉक्स आठवायची.

माझी पहिली दुर्बीण २०१२ सालची. आठ इंची डॉबसोनियन, म्हणजे लाकडी पेटीवर बसवलेली जाडजूड नळी. मोटर नाही, काही नाही, हाताने ढकलायची. पहिली दोन वर्षं चंद्र, गुरू, शनी आणि ओळखीचे तारकागुच्छ यांत गेली. दीर्घिका मला आवडत नसत. पुस्तकातल्या फोटोत सर्पिल बाहू, गुलाबी ठिपके. नळीतून मात्र काचेवर कोणी फुंकर मारल्यासारखा धुरकट डाग. त्यात बघायचं काय?

फेब्रुवारी २०१४ मध्ये आमच्या गटातल्या एका मुलाचा फोन आला. "ताई, एम ८२ बघा. आजच बघा." हा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण दुर्बिणीच्या बाबतीत माझा गुरू. एम ८२ ही सप्तर्षीच्या भागातली दीर्घिका, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर. आपल्याला ती कडेवरून दिसते, त्यामुळे नळीत एक बारीक तिरकी फीत येते. ती फीत मी आधी दोन-चारदा पाहिली होती. त्या रात्री फितीवर, मध्यापासून जरा बाजूला, एक तारा होता. साडेदहाव्या प्रतीच्या आसपासचा, टाचणीच्या टोकाएवढा, स्वच्छ. आजूबाजूला दिसणारे तारे सगळे आपल्याच आकाशगंगेतले, काही शे, फार तर काही हजार प्रकाशवर्षांवरचे. आणि त्यांच्या रांगेत, जवळपास त्यांच्याच तोडीचा उजेड देत उभा असलेला हा एकटा कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेला. मी पेटीशेजारी स्टुलावर बसून राहिले. थंडीने बोटं बधिर झाल्यावर उठले.

त्या ताऱ्याच्या शोधाची कथाही मजेदार आहे. २१ जानेवारी २०१४ला युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या वेधशाळेत स्टीव्ह फॉसी चार विद्यार्थ्यांना दुर्बीण कशी वापरायची ते दाखवत होते. ढग येत होते. म्हणून ठरलेलं काम सोडून आकाशाच्या उघड्या तुकड्यात जे सापडेल ते बघू म्हणून त्यांनी दुर्बीण एम ८२कडे वळवली, आणि तिथे जादाचा तारा. त्याआधीच्या आठवडाभरात तो इतर कॅमेऱ्यांतही टिपला गेला होता, नंतर तपासल्यावर सापडला. फोटोत होता, पण नजर कोणाचीच अडली नव्हती. हे वाचून मला माणुसकीच्या नात्याने फार बरं वाटलं. छापून आलेल्या पुस्तकात पहिल्याच पानावर चूक निघाल्यावर काय होतं ते मला माहीत आहे.

एम ८२मधला तो 'वन-ए' प्रकारचा. पांढरा खुजा तारा, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचा विझलेला गाभा, जोडीदाराकडून वस्तुमान ओढत राहतो किंवा जोडीदारावरच आदळतो. सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पट या चंद्रशेखर मर्यादेच्या (असा तारा एवढंच वजन पेलू शकतो) आसपास अख्खा ताराच अणुभट्टीसारखा पेटतो, आणि मागे काही उरत नाही. जोडीदार नेमका कोण असतो यावर अजून वाद आहेत. पण हे स्फोट बरेचसे एकाच तेजाचे असतात. जो जास्त उजळतो तो सावकाश मंदावतो, हा नियम १९९३ मध्ये मार्क फिलिप्स यांनी नीट मांडला आणि त्यामुळे यांचा मोजपट्टीसारखा उपयोग करता येऊ लागला. दिसायला किती मंद, यावरून किती दूर. याच पट्टीने १९९८ साली दोन गटांनी दाखवलं की विश्वाचं प्रसरण मंदावत नसून वेग घेतंय. २०११चं नोबेल त्यालाच.

दुसरा मुख्य प्रकार वजनदार ताऱ्यांचा, सूर्याच्या आठ पटींहून जड. त्यांच्या गाभ्यात शेवटी लोखंड साठतं. लोखंडापासून ऊर्जा निघत नाही, त्यामुळे आधार सुटतो आणि गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो. बाहेरच्या थरांना ही बातमी कळायला काही तास लागतात, हे मला फार आवडतं. आतलं सगळं आटोपलेलं, आणि पृष्ठभाग अजून शांत. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, फुटलेल्या ताऱ्याचे वीस-पंचवीस न्यूट्रिनो (गाभ्यातून थेट आरपार निसटणारे सूक्ष्म कण) जपान, अमेरिका आणि रशियातल्या उपकरणांनी पकडले, उजेड दिसण्याच्या काही तास आधी. पृष्ठभागाला कळायच्या आत निरोप आपल्याकडे निघालासुद्धा होता.

तर २०१४च्या त्या रात्रीनंतर मी यादी केली. चौसष्ट दीर्घिका. निकष साधे : माझ्या गच्चीवरून दिसायला हव्यात आणि फार मंद नकोत. दोन वर्षांनी सहा इंची परावर्तक दुर्बीण, मोटरवर फिरणारी बैठक आणि एक कॅमेरा आला, आणि डोळ्यांनी बघण्याबरोबर फोटो सुरू झाले. एका दीर्घिकेचे तीस-तीस सेकंदांचे ऐंशी फोटो घ्यायचे, एकावर एक रचायचे, मग जुन्या फोटोशी ताडून बघायचे. मी दोन्ही पडद्यावर एकाच जागी ठेवते आणि कळ दाबून आलटून पालटून दाखवते. जुना, नवा, जुना, नवा. जे तारे दोन्हींत आहेत ते स्थिर राहतात. जो एकातच आहे तो लुकलुकतो.

आकाशगंगेसारख्या दीर्घिकेत शंभर वर्षांत साधारण एक-दोन सुपरनोव्हा होतात. (आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांनी दिसलेला शेवटचा १६०४चा, केप्लरने अभ्यासलेला. म्हणजे आपली पाळी कधीची उलटून गेली आहे.) काही दीर्घिका मात्र उधळ्या असतात. एनजीसी ६९४६ या दीर्घिकेत १९१७ पासून २०१७ पर्यंत दहा सापडले, म्हणून तिला लोक आतषबाजीची दीर्घिका म्हणतात. ती अर्थातच माझ्या यादीत पहिली. माझ्या काळात तिथे एकच झाला आणि तो दुसऱ्याने शोधला.

चौसष्टांचा हिशोब केला तर सरासरी वर्षाला एखादा तरी माझ्या यादीत व्हायला हवा. पण वर्षातले कित्येक महिने दीर्घिका सूर्याच्या मागे असते, उरलेल्यांत ढग, चंद्र, पाहुणे, कामाची घाई. आणि मी बघेपर्यंत जगातल्या शंभर जणांनी बघितलेलं असतं. तर माझ्या वहीत तारीख, दीर्घिकेचं नाव, किती मंद प्रतीपर्यंतचे तारे दिसले तो आकडा, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरा एकच. काही नाही. काही नाही. काही नाही. पुढे पुढे मी नुसतं 'का. ना.' लिहायला लागले.

या धंद्यातले माझे दैवत म्हणजे ऑस्ट्रेलियातले रॉबर्ट इव्हान्स. पेशाने धर्मोपदेशक. कॅमेरा नाही, संगणक नाही. दहा इंची आणि नंतर सोळा इंची दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यांनी त्यांनी ४०हून अधिक सुपरनोव्हा शोधले. शेकडो दीर्घिकांचे चेहरे त्यांना पाठ होते. कोणत्या डागाशेजारी कोणते तारे, किती आणि कसे, सगळं डोक्यात. दुर्बीण एकीवरून दुसरीवर न्यायची, काही सेकंद बघायचं, पुढे. २०२२ मध्ये ते गेले. माझ्या ओळखीतल्या एका जुन्या मुद्रितशोधक बाईंना ज्ञानेश्वरी ओवीच्या क्रमांकासकट पाठ होती. प्रुफात ओवी आली की त्या मूळ पुस्तक उघडतही नसत. इव्हान्स यांचं वाचताना मला त्याच आठवतात.

इव्हान्स यांच्याही आधीचे खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी. १९३४ साली वॉल्टर बाडे यांच्यासोबत त्यांनी 'सुपर-नोव्हा' हा शब्द रूढ केला, आणि असा स्फोट म्हणजे साध्या ताऱ्याचा न्यूट्रॉन तारा, म्हणजे बहुतांशी न्यूट्रॉनांचा अतिदाट गोळा, होणं असावं असंही सांगून टाकलं. तेव्हा न्यूट्रॉनचा शोध लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. मग कॅलिफोर्नियातल्या पॅलोमार पर्वतावर आकाशाचा रुंद तुकडा टिपणारी अठरा इंची श्मिट दुर्बीण बसवून ते फिल्मवर फिल्म ताडत बसले आणि आयुष्यभरात शंभरावर शोधले. स्वभावाने अतिशय भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध. मुद्रितशोधक म्हणून ते मला चालले असते.

चुकांबद्दल सांगायलाच हवं, कारण माझ्या वहीत 'का. ना.' खालोखाल त्यांचीच संख्या आहे.

पहिली चूक एम ६६ची. सिंह राशीतली दीर्घिका. कळ दाबली आणि कडेच्या बाहूजवळ एक टिंब लुकलुकलं. मी खुर्चीतून उठले. परत बसले. परत दाबली. आहेच! दीर्घिकेच्या मध्यापासून किती सेकंद (कोनाचे, घड्याळाचे नव्हे) पूर्वेला, किती उत्तरेला, हे सगळं मोजून मी शोधाच्या निवेदनाचा अर्धा मसुदा लिहिलासुद्धा, शुद्धलेखन तपासून. मग त्या मुलाला फोन केला. त्याने शांतपणे विचारलं, "ताई, लघुग्रह तपासलात?" सिंह राशीतून लघुग्रहांची वर्दळ चालते, क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्याचा आकाशातला मार्ग, तिथून जवळ. अर्ध्या तासाने पुन्हा फोटो घेतला तर टिंब चक्क सरकलेलं. तेव्हापासून नियम : एक फोटो म्हणजे फोटो नाही. मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीत त्या वेळी त्या जागी कोणी ज्ञात लघुग्रह आहे का ते बघायचं, आणि थोड्या वेळाने दुसरा फोटो घ्यायचा. सुपरनोव्हा जागचा हलत नाही.

दुसरी चूक कॅमेऱ्याची. सेन्सरमध्ये एखादा बिंदू उगीचच चमकतो, किंवा अंतराळातून आलेला एखादा कण त्यावर आदळतो. फोटोंमध्ये दुर्बीण किंचित हलवत राहिलं की असले बिंदू ताऱ्यांबरोबर सरकत नाहीत आणि पकडले जातात.

तिसरी चूक मात्र माझ्या वर्मी लागली. नव्या फोटोत एक मंद तारा, जुन्यात नाही. लघुग्रह नाही, कॅमेऱ्याचा दोष नाही. दोन तास छातीत धडधड. मग लक्षात आलं की जुना फोटो धुरकट रात्रीचा होता. त्यात सोळाव्या प्रतीच्या खालचं काही उतरलंच नव्हतं. हा तारा साडेसोळाचा. आपल्याच आकाशगंगेतला, जन्मभर तिथेच बसलेला. मी मूळ प्रतच चुकीची धरली होती! सव्वीस वर्षांच्या धंद्यात मी नवशिक्यांना पहिली गोष्ट हीच शिकवते, की ज्याच्याशी ताडतोय ते आधी तपासा. त्या आठवड्यात मी सगळ्या चौसष्ट दीर्घिकांचे जुने फोटो बाद केले आणि पहिल्यापासून, फक्त उत्तम रात्रींना, नव्या मूळ प्रती बनवायला घेतल्या. तीन वर्षं लागली.

आणि एम १०१ची पाळी आली मे २०२३ मध्ये.

एम १०१ सप्तर्षीच्या शेपटाजवळची, २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवरची. आपल्याला ती तोंडावर दिसते, अगदी ताटासारखी. मोठी आहे, पण उजेड पसरलेला, त्यामुळे शहराच्या झगमगाटात हाती लागत नाही. तिची मूळ प्रत करायची राहून गेली होती. १७ मेची रात्र अप्रतिम होती. अमावास्या दोन दिवसांवर, हवा स्थिर. चाळीस मिनिटांचे फोटो घेतले. जवळपास अठराव्या प्रतीपर्यंतचे तारे उतरले, माझ्या दुर्बिणीकडून याहून जास्त अपेक्षा नाही. वहीत लिहिलं : एम १०१, मूळ प्रत पक्की. का. ना.

१८ तारखेलाही आकाश असंच होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेतीनशे पानांचं प्रूफ द्यायचं होतं. रात्रभर मी पडद्यासमोर बसून इकार-उकार दुरुस्त करत होते, आणि खिडकीतून सप्तर्षी दिसत होते. १९ला ढग.

२०ला सकाळी गटावर बातमी. जपानच्या यामागाताचे कोइची इतागाकी यांना १९ तारखेच्या फोटोत एम १०१च्या एका बाहूवर, एका मोठ्या तेजोमेघाला लागून, १४.९ प्रतीचा नवा तारा सापडला होता. इतागाकी हौशी निरीक्षक आहेत आणि त्यांच्या नावावर शंभराच्या वर शोध आहेत. काही तासांत ला पाल्मा बेटावरच्या लिव्हरपूल टेलिस्कोपने वर्णपट, म्हणजे उजेडाची रंगवार फोड, घेतला. त्यात हायड्रोजन दिसला, म्हणजे वजनदार ताऱ्याचा प्रकार. नाव मिळालं एसएन २०२३ आयएक्सएफ. नावाची पद्धत कंटाळवाणी आहे : वर्ष, मग त्या वर्षातल्या नोंदीच्या क्रमाने अक्षरं. मे महिन्यातच तीन-तीन अक्षरं लागतात, यावरून वर्षाला किती नोंदी होतात ते समजा.

बातमी वाचून मी काय केलं असेल? संगणक उघडून १७चा फोटो काढला. ती जागा मोठी करून बघितली. काही नाही. उजेड कमी-जास्त करून, उलट छाया करून, अगदी काळ्यावर पांढरं आणि पांढऱ्यावर काळं करून बघितलं. तेजोमेघाचा ढगळ डाग, शेजारी रिकामी जागा. मी खरोखर चिडले. स्वतःवर, प्रुफावर, त्या लेखकावर (त्याचा काहीच दोष नव्हता, पुस्तक बरं होतं).

संध्याकाळी त्या मुलाचा फोन. मी रडगाणं सुरू करायच्या आत तो म्हणाला, "ताई, १७ला काही नव्हतं हे तुमच्याकडे फोटोनिशी आहे ना? मग प्रत मोजून ठेवा. किती मंदपर्यंत नव्हतं ते."

पुढच्या काही आठवड्यांत कळत गेलं की त्या सुपरनोव्हाबाबत सगळ्यात मोलाचे ठरले ते नेमके असलेच फोटो. एम १०१ ही वसंतात सगळ्यांची लाडकी, जगभरातले हौशी लोक तिचे फोटो काढत होते. शोधाच्या आधीच्या रात्री कोणाच्या फोटोत तारा आहे आणि कोणाच्यात नाही, हे गोळा करत गेल्यावर पहिला उजेड १८ मेच्या संध्याकाळी, जागतिक वेळेनुसार, पोचला असावा असं काही तासांच्या अचूकतेने सांगता आलं. 'आहे' म्हणणारे फोटो एका बाजूने, 'नाही' म्हणणारे दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये स्फोटाची वेळ चिमटीत धरलेली. ती इतकी महत्त्वाची का, तर पहिल्या काही तासांच्या उजेडात तारा केवढा होता आणि त्याच्याभोवती काय पसरलेलं होतं ते लिहिलेलं असतं. याच्याभोवती ताऱ्याने मरण्याआधी टाकलेल्या वायूचं दाट कवच होतं, आणि स्फोटाच्या उजेडाने ते आधी झळाळून उठलं.

माझा 'नाही' फार लवकरचा होता. १८चा असता तर चिमटीच्या टोकाशी आला असता.

या बाबतीत नशिबाचा उच्चांक अर्जेंटिनाच्या व्हिक्टर बुसो यांचा. पेशाने कुलूप-किल्लीवाले. २० सप्टेंबर २०१६ला नवा कॅमेरा तपासायचा म्हणून एनजीसी ६१३ या दीर्घिकेचे वीस-वीस सेकंदांचे फोटो काढत होते. सुरुवातीच्या फोटोंत काही नाही. थोड्या खंडानंतरच्या फोटोंत एक टिंब, आणि ते फोटोगणिक वाढतंय! स्फोटाचा धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागाबाहेर पडतानाचा क्षण त्यांच्या कॅमेऱ्यात आला होता. मेलिना बर्स्टेन आणि त्यांच्या गटाने २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यातही सुरुवातीच्या रिकाम्या फोटोंशिवाय पुढच्या टिंबाला काही अर्थ उरला नसता. वाढीची सुरुवात कळलीच नसती.

२५ मेच्या रात्री मी कॅमेरा बाजूला ठेवला आणि जुनी आठ इंची बाहेर काढली. आकाशात जवळपास अर्धा चंद्र होता, दीर्घिका बघायला वाईट रात्र. एम १०१च्या जागी दुर्बीण नेली, तर दीर्घिकाच नाही. चंद्राच्या उजेडात ती पूर्ण पुसली गेली होती. पण नकाशावर खूण केलेल्या जागी तारा होता. अकराव्या प्रतीचा, सरळ बघितला तरी दिसणारा. तिरप्या नजरेची गरजसुद्धा नाही. अब्जावधी ताऱ्यांचा मिळून एकत्रित उजेड दिसत नव्हता, आणि त्यातला एक दिसत होता. अख्खा मजकूर उडालाय आणि कागदावर फक्त तो अनुस्वार राहिलाय.

घरातल्या सगळ्यांना एकेक करून बोलावलं. सासूबाई नळीत डोकावून म्हणाल्या, "हा तारा आहे. बरं मग?" मी २ कोटी वर्षांची गोष्ट सांगितली. त्यांनी पुन्हा डोकावून बघितलं, या वेळी बराच वेळ, आणि "मग आता तो तिथे नसेलच की," असं म्हणून आत गेल्या.

पुढे महिनाभर मी डोळ्यांनी त्याची प्रत मोजली. पद्धत सोपी आहे : अमेरिकेतल्या रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची एक जुनी संस्था आहे, १९११ सालची, तिच्या नकाशावर आजूबाजूच्या ताऱ्यांच्या प्रती दिलेल्या असतात. आपला तारा एकापेक्षा मंद आणि दुसऱ्यापेक्षा ठळक असेल तर मधला आकडा ठरवायचा. शोधाच्या वेळी १४.९, आठवड्यात ११, म्हणजे जवळपास चाळीस पट उजळला. मग सावकाश उतार. जूनअखेर माझ्या वहीत साडेअकराच्या पुढे. हा प्रकार बरेच आठवडे असा रेंगाळतो, कारण फुगत जाणाऱ्या थरांतला हायड्रोजन हळूहळू थंड होत आत साठलेला उजेड सोडत असतो. तो संपला की एकदम घसरगुंडी, आणि मग कोबाल्ट-५६ या किरणोत्सारी द्रव्याच्या क्षयावर चालणारं उजेडाचं लांबलचक शेपूट. त्या कोबाल्टचं अर्धायुष्य ७७ दिवस. ते शेपूट मी नंतर कॅमेऱ्यानेच बघितलं.

फुटण्याआधीचा तारा कोणता, तेही सापडलं. हबल आणि स्पिट्झर दुर्बिणींच्या जुन्या फोटोंत त्या जागी धुळीत लपेटलेला एक तांबडा महाराक्षस तारा आहे, साधारण हजार दिवसांच्या चक्राने कमी-जास्त होणारा. वजनाबद्दलचे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत. जुने फोटो जपून ठेवणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे, तो यासाठी.

आता लोक विचारतात, यंत्रांच्या जमान्यात तू हे कशाला करतेस? प्रश्न रास्त आहे. पॅलोमारवरचा एक कॅमेरा एका फोटोत ४७ चौरस अंश आकाश टिपतो आणि दर दोन-तीन रात्रींत उत्तरेचं सगळं आकाश पालथं घालतो. नव्या फोटोतून जुना वजा करायचा, उरेल ते टिंब प्रोग्राम तपासणार. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिले फोटो दाखवले, कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा. मुद्रितशोधनातही तेच झालंय. प्रोग्राम चुकांखाली लाल रेघा ओढतो आणि माझ्याकडे येतं ते रेघा मारून झालेलं. मी तरीही बसते. 'गांव' त्याला सापडतं. 'चिता' आणि 'चिंता' यांतलं मूळ लेखकाला कोणतं म्हणायचं होतं, ते सापडत नाही.

माझ्या नावावर आजवर एकही शोध नाही. वही मात्र चौथी चालू आहे.

एसएन २०२३ आयएक्सएफ आता माझ्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर गेला. एम १०१चे मी दरवर्षी फोटो काढते, आणि ताडून बघायला डावीकडे उघडते तो अजूनही १७ मे २०२३चाच. गटातला तो मुलगा म्हणतो, नंतरच्या याहून चांगल्या रात्री मिळाल्यात, मूळ प्रत बदला. मी बदललेली नाही. त्या चाळीस मिनिटांत त्या तांबड्या ताऱ्याकडून माझ्या सहा इंची आरशावर डोळ्यांना दिसू शकणाऱ्या उजेडाचे फार तर काही डझन फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, पडले असतील, फोटोत उमटायला अगदीच अपुरे. त्या रिकाम्या जागेत ते कुठेतरी आहेत, आणि त्यांच्यापुरता तारा अजून शाबूत आहे. पुढच्या संध्याकाळी येऊ घातलेला उजेड तेव्हा एका प्रकाशदिवसाच्या अंतरावर होता.